दुभते जनावर आणि ओली बाळंतीण : आहार व निगा

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी म्हैस व्याली म्हणजे साऱ्या घराचे लक्ष गोठ्याकडे लागते. तिच्यासाठी बाजरी व गूळ एकत्र शिजविले जातात, कोमट पाण्याची घागर पुढे ठेवली जाते, कडब्याच्या गंजीतून चांगल्या पाल्याची पेंढी निवडून तिच्यापुढे टाकली जाते, आणि ढेपेचे पोते उधारीने का होईना पण घरात येते. त्यात वावगे काहीच नाही. जे कासेत उतरायचे ते आधी गव्हाणीत पडावे लागते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. परंतु त्याच घरात सून बाळंत झाली असता हा साधा हिशेब पुष्कळदा विसरला जातो. पोट सुटेल म्हणून तिचे पाणी तोडले जाते, बाळाला बाधेल म्हणून डाळ व पालेभाजी वर्ज्य होते, म्हशीचे दूध डेअरीला जाते, आणि सव्वा महिना उलटतो न उलटतो तोच ती झोळीत मूल घालून कापसाच्या वेचणीला निघते. व्यालेल्या गाईला नांगराला जुंपणारा शेतकरी मात्र शोधून सापडणार नाही.

गाय, म्हैस, शेळी आणि स्त्री यांची शरीरे भिन्न असली तरी दूध तयार होण्याची क्रिया मूलतः एकच आहे. म्हणून या दोन्ही मातांचा विचार येथे एकत्र केला आहे. जेथे त्यांच्यात भेद आहे तेथे तो ध्यानात घेणे तितकेच अगत्याचे आहे. कारण गोठ्यातील नियम घरात, किंवा घरातील नियम गोठ्यात, डोळे झाकून लावल्यास नुकसान होते.

दूध कोठून येते

दूध पोटातील अन्नातून थेट कासेत उतरत नाही. अन्न पचून त्याचा रस रक्तात मिसळतो आणि रक्तातील द्रव्ये निवडून घेऊन दुधाच्या ग्रंथी दूध बनवितात. गाईच्या कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त खेळते तेव्हा एक लिटर दूध तयार होते. हे सतत चालणारे काम असून त्यासाठी लागणारी शक्ती, प्रथिने, चुना, स्फुरद व पाणी मातेला दररोज मिळालेच पाहिजे. ते आहारातून मिळाले नाही तर शरीर आपल्या साठ्यातून काढून देते. अंगावरची चरबी झडते, हाडांतील चुना उतरतो, रक्त फिके पडते.

प्रत्येक जातीचे दूध तिच्या पिलाच्या वाढीला अनुरूप असते. गाईचे वासरू सुमारे दीड महिन्यात जन्मवेळच्या दुप्पट वजनाचे होते, तर मानवी बालकाला त्यासाठी जवळजवळ पाच महिने लागतात. म्हणून गाईच्या दुधात प्रथिने शेकडा तीन ते साडेतीन असतात, म्हशीच्या दुधात त्याहून अधिक, आणि मातेच्या दुधात केवळ एक टक्क्याच्या आसपास. उलट दुग्धशर्करा मातेच्या दुधात सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे सात टक्के असते. मातेचे दूध पातळ दिसते म्हणून ते निकस समजण्याचे कारण नाही. सहा महिन्यांच्या आतील बालकाला म्हशीचे घट्ट दूध, मग त्यात पाणी घाला अथवा न घाला, मानवत नाही. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षेपर्यंत अंगावर पाजणे, हीच आज सर्वमान्य झालेली पद्धत होय.

आता एक महत्त्वाचा भेद. अपुरा चारा मिळालेली गाय काही दिवस अंगावरचे मांस झिजवून दूध देते, परंतु लवकरच तिचे दूध उतरते, ती वेळेवर माजावर येत नाही, आणि तोटा शेतकऱ्याच्या चरवीत उघड दिसू लागतो. स्त्रीच्या बाबतीत तसे घडत नाही. १९५० च्या दशकात कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी दक्षिण भारतातील गरीब स्त्रियांच्या दुधाचा अभ्यास केला. (हीच संस्था १९५८ साली हैदराबादला हलविण्यात आली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.) त्यात असे आढळले की, अगदी निकृष्ट आहारावर राहणाऱ्या स्त्रियाही बालकाला पुरेसे दूध पाजीत होत्या, दुधाचे प्रमाण व त्यातील प्रथिने फारशी घटत नव्हती, मात्र जीवनसत्त्वे कमी पडत होती. दुधाची भरपाई माता आपल्या देहातून करीत होती. मूल बाळसे धरते, म्हणून घरातील माणसे निश्चिंत राहतात. आणि तिकडे आईच्या कमरेत दुखू लागते, चढ चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. गोठ्यातील तोटा मापाने मोजला जातो. घरातील तोटा मोजण्यास कोणतेही माप नाही, म्हणून तो दिसत नाही इतकेच.

चीक : एकीचा खाल्ला जातो, दुसरीचा फेकला जातो

व्याल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारे दाट पिवळसर दूध म्हणजे चीक. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाल्ला जातो व शेजारीपाजारी वाटलाही जातो. बाळंतिणीचा चीक मात्र 'जड' किंवा 'शिळा' म्हणून पिळून टाकण्याची आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटविण्याची चाल अजून काही घरांत आढळते. दोन्हीकडे हानी पिलाचीच होते.

वासराच्या बाबतीत तर हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासराच्या रक्तात जात नाहीत, त्यामुळे वासरू जन्मतः निःशस्त्र असते. ही द्रव्ये त्याला चिकातूनच मिळतात, आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची त्याच्या आतड्यांची शक्ती जन्मानंतर तासागणिक कमी होत जाऊन एका दिवसात संपते. म्हणून वार पडण्याची वाट न पाहता जन्मानंतर एक-दोन तासांत वासराला चीक पाजावा. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जावा. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, हा हिशेब लक्षात ठेवण्यास सोपा आहे. 'वार पडल्याशिवाय धार काढू नये' ही समजूत चुकीची असून पुष्कळ वासरे व पारडी तिच्यापायी हगवणीने दगावतात. वासराचे पोट भरल्यावर उरेल त्याचा खरवस खुशाल करावा.

मानवी बालकाला काही प्रतिकारक द्रव्ये आईच्या उदरातच, वारेमार्फत मिळालेली असतात. तरीही आतड्यांच्या संरक्षणासाठी चीक त्याला हवाच. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगाशी घ्यावे. चिकाचे प्रमाण चमचाभरच दिसते, परंतु नवजात बालकाचे पोटही तेवढेच असते. बाळाच्या चोखण्यानेच पुढील दूध उतरते.

गाभणपणीच तयारी

दुभत्या जनावराचा आहार व्याल्यावर सुरू करावयाचा नसून त्यापूर्वी दोन महिने सुरू करावयाचा असतो. गाय विण्याच्या सुमारे ६० दिवस आधी आटवावी, म्हणजे कासेला विश्रांती मिळते. या काळात नेहमीच्या वैरणीखेरीज एक ते दोन किलो आंबोण द्यावे. पोटातील वासराची सर्वांत झपाट्याची वाढ याच दोन महिन्यांत होते. शेवटपर्यंत पिळून घेतलेल्या गाईचे पुढील वेत हलके जाते.

स्त्रीच्या बाबतीत या विश्रांतीचा अर्थ दोन बाळंतपणांतील अंतर हा आहे. गाय दूध देत असताना पुन्हा गाभण राहते व राहावीही. विण्यानंतर साठ ते नव्वद दिवसांच्या दरम्यान तिला भरविणे फायद्याचे असते. स्त्रीला हा नियम लावणे घातक होय. एक मूल अंगावर पीत असताना दुसरे उदरात वाढू लागले तर एकाच शिदोरीवर तिघे जण जगू लागतात. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे दिवस राहू नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

गव्हाणीतील हिशेब

परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी या तालुक्यांत जनावरांचा मुख्य चारा ज्वारीचा कडबा हाच होय. कडबा पोट भरतो व काम करण्यापुरती शक्ती देतो, परंतु त्यात प्रथिने शेकडा तीनच्या आसपास असतात. केवळ कडब्यावर लाल कंधारी गाय आपले वासरू कसेबसे पोसेल. चरवीत फार पडणार नाही. लाल कंधारी व देवणी या या भागातील काटक जाती. लाल कंधारी मुख्यतः कामाची, तिचे दूध बेताचे. देवणी व होल्स्टीन यांच्या संकरातून परभणीच्या कृषि विद्यापीठाने 'होलदेव' ही संकरित जात तयार केली. संकरित गाय वा चांगली म्हैस ठेवणाराने तिच्या खाण्याचा हिशेब दुधाच्या मापानेच ठेवला पाहिजे.

तो हिशेब असा : शरीरपोषणासाठी दररोज एक ते दीड किलो आंबोण, आणि त्याशिवाय गाईला दर अडीच लिटर दुधामागे व म्हशीला दर दोन लिटर दुधामागे एक किलो. सहा लिटर दूध देणाऱ्या म्हशीला याप्रमाणे साडेचार किलोच्या आसपास आंबोण लागेल. सोबत पाच-सहा किलो कडब्याची कुट्टी व पंधरा ते वीस किलो हिरवी वैरण असावी. लसूणघास किंवा शेवरी-सुबाभळीचा पाला असल्यास आंबोण काहीसे कमी करता येते. विहिरीला थोडे पाणी असणाऱ्याने दोन-चार गुंठे लसूणघास अवश्य ठेवावा. उन्हाळ्यात नुसत्या वाळल्या वैरणीवर राहिलेल्या म्हशीला अ जीवनसत्त्व मिळत नाही आणि तिचे पारडू आंधळे वा अशक्त निपजते. हीच गोष्ट पालेभाजी न खाणाऱ्या बाळंतिणीची. तिला तिन्हीसांजेनंतर दिसेनासे होते.

आंबोण घरी करणे परवडते. शंभर किलोसाठी भरडलेला मका किंवा ज्वारी ३० किलो, सरकीची ढेप २० किलो, सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची ढेप १८ किलो, तुरीची चुनी १५ किलो, गव्हाचा कोंडा १४ किलो, क्षारमिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो असे प्रमाण ठेवावे. या जिल्ह्यात कापूस, तूर व सोयाबीन ही तिन्ही पिके भरपूर असल्याने यातील बहुतेक माल बाजारातून दूरवर शोधावा लागत नाही. सोयाबीनचे कच्चे दाणे मात्र जनावराला घालू नयेत. त्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते व ते भाजल्याने नष्ट होते. माणसांनीही सोयाबीन भाजून अथवा शिजवूनच खावे. विण्यानंतर आंबोण एकदम न वाढविता दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावे, नाहीतर पोट बिघडते. कापणीनंतर फुटलेली कोवळी, पाण्यावाचून सुकत चाललेली ज्वारी चारण्याचा मोह टाळावा. तिच्याने किराळ लागून उभे जनावर तासाभरात मरते.

जारण, पाणकळा व ऊस यांच्या पट्ट्यात, विशेषतः गोदाकाठच्या गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांत हंगामात वाढ्यांचा चारा मुबलक मिळतो. वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचे आम्ल असते. ते चुन्याला बांधून ठेवते, त्यामुळे खाल्लेला चुना जनावराच्या अंगी लागत नाही. निव्वळ वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या गाईची हाडे ठिसूळ होतात व दूध घटते. वाढे कुट्टी करून, इतर वैरणीत मिसळून, चुन्याची निवळी शिंपडून द्यावेत आणि दररोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण चुकवू नये.

बाळंतिणीचे ताट

आता हाच हिशेब माणसाचा. स्तनदा माता दिवसाला साधारणपणे पाऊण लिटर दूध देते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने व राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार, मध्यम श्रमाच्या स्त्रीला दररोज २१३० कॅलरी लागतात. अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत त्यावर आणखी ६०० कॅलरी व सुमारे १७ ग्रॅम प्रथिने लागतात. चुना दररोज १२०० मिलिग्रॅम हवा. म्हणजे तिचा आहार नेहमीपेक्षा पाव हिश्शाहून अधिक वाढला पाहिजे. गर्भारपणात द्यावयाच्या वाढीव अन्नापेक्षाही हे अधिक आहे, आणि घराघरांतील रीत नेमकी याच्या उलट असते. गर्भारशीचे डोहाळे पुरविले जातात. बाळंतिणीला पथ्य लागते.

सहाशे कॅलरी म्हणजे काही मोठे संकट नव्हे. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी, तीस ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे, आणि पेलाभर दूध, एवढ्याने ही गरज भागते व प्रथिनांचीही चिंता राहत नाही. हे तिन्ही पदार्थ शेतकऱ्याच्या घरचे आहेत. अडचण अन्नाच्या टंचाईची जितकी, तितकीच वाढण्याच्या क्रमाची आहे. घरातील सर्वांची पाने उठल्यावर जी शेवटी बसते, तिच्या वाट्याला भाकरी उरते पण वरण उरत नाही. म्हशीचे आंबोण दावणीच्या साऱ्या जनावरांत कोणी वाटून टाकीत नाही. अंगणवाडीतून बाळंतिणीच्या नावाने आलेला शिधा मात्र घरातील सर्व मुले-माणसे मिळून दोन दिवसांत संपवितात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे बाळंतपणानंतर सहा महिनेपर्यंत मातेला अंगणवाडीमार्फत ६०० कॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार मिळावयाचा आहे. तो आकडा वर सांगितलेल्या गरजेशी जुळणारा आहे, म्हणजे तो शिधा खाण्याचा अधिकार एकटीचाच आहे.

जुन्या रीतींतील पुष्कळ गोष्टी ठेवण्याजोग्या आहेत. डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, बाजरीची भाकरी व तूप, बाळंतशेपा, या साऱ्यांत शक्ती, लोह व चुना आहे आणि ते रुचकरही आहे. फक्त लाडू चार दिवसांत संपतात व गरज सहा महिने राहते. यास्तव रोजच्या ताटाकडे पाहावे लागते. तीळ हे चुन्याचे भांडार असून शंभर ग्रॅमला बाराशे मिलिग्रॅमहून अधिक चुना त्यात असतो. तिळाची वा कारळाची चटणी रोज दोन चमचे खाल्ली तरी उपयोग होतो. शेवग्याचा पाला बांधावर फुकट मिळतो. त्याची भाजी करणारी घरे मात्र मोजकीच. मेथी, अंबाडी, चाकवत यांपैकी काही ना काही रोज असावे. डाळ व पालेभाजी आईने खाल्ल्याने बाळाचे पोट दुखते या समजुतीला आधार नाही. एखाद्या पदार्थाने त्रास होतो असे खरोखरच दिसल्यास तो एकच पदार्थ काही दिवस बंद करून पाहावा, सारे ताट रिकामे करू नये.

ज्वारीबद्दल येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ, परभणी व हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थांच्या संशोधनातून 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ साली प्रसारित झाला. सामान्य ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह व २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात लोह सुमारे ४५ व जस्त सुमारे ३२ मिलिग्रॅम आहे. प्रथिनेही थोडी अधिक आहेत. खाण्यापुरती ज्वारी पेरणाऱ्या कुटुंबाने एखादा तुकडा या वाणाखाली ठेवण्यास हरकत नाही. भाकरी तीच, आणि खर्च वेगळा नाही. त्याने रक्तक्षय सर्वस्वी जाईल असे मात्र मानू नये. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची एक गोळी व तितकेच दिवस चुन्याच्या दोन गोळ्या शासकीय दवाखान्यातून विनामूल्य मिळतात, त्या घ्याव्याच. लोहाची व चुन्याची गोळी एकाच वेळी घेऊ नये. निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. जेवणावर लगेच चहा घेतल्यास लोह अंगी लागत नाही. लिंबू वा आवळ्याने ते अधिक लागते.

पाणी आणि पान्हा

दुधात शेकडा ८७ भाग पाणीच असते. जनावराला दर लिटर दुधामागे चार-पाच लिटर जादा पाणी लागते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही पुष्कळ. दिवसातून दोनदा हौदावर नेण्यापेक्षा पाणी सदैव पुढे असल्यास दूध वाढते, हा अनुभव कोणालाही आठवडाभरात घेता येईल. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची चाल यामुळेच समूळ सोडली पाहिजे. तहान लागेल तेवढे, उकळून गार केलेले पाणी तिने प्यावे, आणि पाजावयास बसताना तांब्या हाताशी ठेवावा.

दूध तयार होणे व दूध उतरणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पिलाच्या स्पर्शाने मेंदूकडून एक स्राव सुटतो व त्याने दूध सडांत उतरते. यालाच पान्हा म्हणतात. भीती, वेदना व गोंधळ यांनी हा स्राव अडतो. गाय पान्हा चोरते असे म्हणतात, परंतु ती चोरीत नसते; अनोळखी हात, आरडाओरडा, काठी किंवा सडाला पडलेली चीर यांमुळे पान्हा येतच नाही. धारेची वेळ व माणूस शक्यतो बदलू नये. पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचण्याचा प्रकार बेकायदेशीर असून जनावराच्या आरोग्यास अपायकारक आहे. स्त्रीलाही हेच लागू आहे. 'तुला दूधच नाही' असे दिवसातून चार वेळा ऐकणाऱ्या मातेचे दूध खरोखरच उतरेनासे होते. अशा वेळी बाटली आणण्यापूर्वी तिला पोटभर जेवण, दुपारची झोप व बाळाला वरचेवर अंगावर घेण्याची मोकळीक देऊन पाहावी. बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते.

धोक्याची लक्षणे

विण्यानंतर आठ ते बारा तासांत जनावराची वार पडते. ती न पडल्यास ओढू नये, तिला वजन बांधू नये, पशुवैद्यकास बोलवावे. पडलेली वार उघड्या हाताने हाताळू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. गर्भपात झालेल्या जनावराच्या वारेतून व कच्च्या दुधातून सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसाला होतो. घरात गर्भार वा बाळंत स्त्री असल्यास गोठ्यातील हे काम तिच्याकडे मुळीच देऊ नये आणि दूध उकळूनच वापरावे.

चांगली दुभती गाय वा म्हैस व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत एकाएकी बसून राहिली, कान गार पडले, मान कुशीकडे वळविली, तर तो दुग्धज्वर समजावा. नाव ज्वर असले तरी अंग थंड असते. रक्तातला चुना अकस्मात उतरल्याने हे होते. तोंडावाटे औषध वा काढा पाजू नये, तो फुप्फुसात जातो. पशुवैद्यकाने शिरेतून चुन्याचे औषध दिल्यास मरणोन्मुख जनावर तासाभरात उठून उभे राहते. उशीर केल्यास हाती काही उरत नाही. पशुसंवर्धनाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

कासेची दगडी व बाळंतिणीच्या स्तनाची सूज ही दोन्ही दुखणी सारखीच दिसतात, परंतु उपाय उलट आहे. दगडी झालेल्या सडाचे दूध वासराला अथवा माणसाला न देता दूर टाकावे लागते. स्तनाला सूज आलेल्या मातेने मात्र बाळाला पाजणे थांबवू नये. दूध साचल्याने गळू होते. ताप असल्यास दवाखान्यात दाखवावे.

बाळंतपणानंतरचे ४२ दिवस जपण्याचे असतात. आपल्याकडील सव्वा महिन्याची रीत याच्याशी जवळजवळ जुळते, आणि ती रीत शहाणपणाची आहे. फक्त अंधारी खोली व शेगडीचा धूर यांचा तिच्याशी संबंध नसावा. अंगावरून जास्त रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ताप, झटके, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र काढू नये. १०८ वर गाडी मागवावी. आशा कार्यकर्तीच्या या काळातील सहा भेटी ठरलेल्या असतात. ती आली असता तिला ओसरीवरून परत न लावता बाळंतिणीशी बोलू द्यावे.

कामावर जाताना

दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ व पालम भागातील कितीएक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. गाडीत मोळ्या, संसार, शेळी आणि तान्हे मूल सारेच असते. अंगावर पाजणारी स्त्री पहाटेपासून फडात उभी असते. कष्टाच्या कामाला लागणाऱ्या २७२० कॅलरींवर तिला आणखी ६०० हव्या असतात. अशा कुटुंबाने निघण्यापूर्वी माता-बाल संरक्षण कार्ड, लोह-चुन्याच्या निदान दोन महिन्यांच्या गोळ्या आणि शेंगदाणे, तीळ व गूळ यांचे कुटून केलेले पाच-सहा किलो लाडू बरोबर घ्यावेत. कार्ड दाखविल्यास मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीतून शिधा व आरोग्य केंद्रातून गोळ्या मागता येतात. सोबतची उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी करडे देते, तिचे दूध करडांना पुरून फार उरत नाही. उरेल ते उकळून बाळाच्या आईला द्यावे. शेळीलाही नुसत्या वाढ्यांवर न ठेवता बाभळीच्या शेंगा व झाडपाला मिळेल असे पाहावे.

गावातच रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या स्त्रियांनी एक तरतूद माहीत करून घ्यावी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आलेली असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिला मजुरी द्यावयाची, अशी तरतूद होती. सध्या चालू असलेल्या कामावर कोणती सोय आहे, हे ग्रामरोजगार सेवकाला विचारून घ्यावे, आणि मूल सावलीत असेल व दोन-तीन तासांनी पाजावयास सुट्टी मिळेल असे मुकादमाशी काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे.